आखडता हात

“केस कापून टाक गं माझे. अगदी बारीक कर म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. मी त्यांची वेणी घालत होते, ती हातातच राहिली.

सासूबाईंचं वय ७१. केस अजून कमरेपर्यंत. मी या घरात आले त्याला २४ वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी अंबाडा घातल्याशिवाय त्या स्वयंपाकघरात आलेल्या मला आठवत नाहीत. आणि आता म्हणत होत्या, “रोज तुझी वाट बघत बसायचं, तुला शाळेचे डबे, मंडळाची कामं. त्यापेक्षा नकोतच ते केस.”

उजवा खांदा दुखतोय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चार महिने झाले होते. आधी रात्री त्या कुशीवर झोपलं की कळ यायची. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. मग पोलक्याची एक बाही चढली की दुसरीत हात जाईना. आम्ही काय केलं? बाम चोळला, तेल गरम करून लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मालीशवालीला बोलावलं. तिनं “नस चढलीये” म्हणत असा काही हिसका दिला की सासूबाई दोन रात्री बसून होत्या. आणि मी, शहाणी सून, म्हटलं, “आई, तुम्ही आता काही करू नका. हात अजिबात हलवू नका.” कणीक माझ्याकडे घेतली, कपडे वाळत घालणं घेतलं, शेवटी वेणीफणीही घेतली. शेजारणी माझं कौतुक करत होत्या. त्या कौतुकानं मी चांगली फुगलेही होते. पुढे कळलं, सेवा म्हणून मी जे करत होते त्यानं खांदा आणखी आखडत होता.

केसांचं ते बोलणं झालं त्याच आठवड्यात आम्ही एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेलो. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेवढं बरं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि सांगितलं, “फ्रोजन शोल्डर. फिजिओथेरपी सुरू करा.” मग विचारलं, “शुगर आहे का?” होती, बारा वर्षांपासून. मधुमेह असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त होतो आणि बरा व्हायलाही जास्त वेळ लागतो. थायरॉइडच्या तक्रारी असणाऱ्यांमध्येही तो जास्त दिसतो. आणि मैत्रिणींनो, तो फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही बरं का! जास्त करून चाळिशी ते साठीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी. तिनं फार सोपं करून सांगितलं. खांद्याच्या सांध्याला एक खोळ असते. कोरा मांजरपाट पहिल्यांदा पाण्यात घातला की आटतो ना, तशी ती खोळ आटते आणि जाड होते. आधी काही महिने दुखण्याचे. मग दुखणं कमी होतं, पण हात जाम होतो. नंतर हळूहळू सुटायला लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागू शकतात. “आपोआप सुटतोच ना मग?” आमच्या ह्यांनी लगेच विचारलं. ती म्हणाली, “काका, काहींचा पूर्ण सुटत नाही. आणि तोवर आजींनी काय, हात बांधून बसायचं?”

मग तिनं सासूबाईंना विचारलं, “आजी, या हातानं तुम्हाला काय करता यायला हवं?” इतक्या महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “अंबाडा.”

व्यायाम साधेच. आधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं. मग चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडून हळू झुलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात डोक्याकडे न्यायचा. एकदम तासभर नाही, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं. ताण जाणवला पाहिजे, थोडं दुखेलही. पण नंतर बराच वेळ ठणकत राहिलं किंवा रात्री झोप लागली नाही, तर समजायचं की जास्त झालं. उद्या जरा कमी.

आमच्याकडे ज्या भिंतीवर मुलांची उंची पेन्सिलीनं लिहिलेली आहे, तिथेच आता आजीच्या बोटांच्या खुणा तारखेसह आहेत. पहिली खूण खांद्याच्या खाली होती. महिनाभरात ती चार बोटंसुद्धा वर गेली नाही. सासूबाई रडकुंडीला आल्या, मीही. दुसऱ्या महिन्यात हलली.

आता पैशाचं बोलू, कारण खरी गाठ तिथेच आहे. “हात हलवायला पैसे?” हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलं आणि नंतर कितीतरी घरांत. मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात, कारण त्याला ऑपरेशन म्हणतात. आठ-दहा वेळा बाईला घेऊन जायचं, रोज तिच्या व्यायामाकडे बघायचं, याला मात्र घर हात आखडता घेतं. आणि बाईही म्हणते, “जाऊ दे, वय झालं.” आमच्या बचत गटात मी विचारलं, मागे हात नेऊन पदर कुणाला खोचता येत नाही? साठीपुढच्या पाच-सहा जणी एकमेकींकडे बघून हसल्या. एकीनंही डॉक्टरांना दाखवलं नव्हतं.

माझी भाची हेच शिकते. तिनं सांगितलं, ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांचा एक अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. काहींना फिजिओथेरपी आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन, काहींचा खांदा भूल देऊन मोकळा केला, काहींची दुर्बिणीनं शस्त्रक्रिया. वर्षानंतर पाहिलं तर कुठलाच एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नव्हता. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनाही व्यायाम चुकलेला नव्हताच!

मात्र दुखणारा प्रत्येक खांदा आखडलेला नसतो. वयाबरोबर खांद्याच्या स्नायूंचे दोर झिजतात, तुटतातही. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. हाताला मुंग्या येत असतील, जोर गेला असेल, ताप असेल, तरी तसंच. खांद्याबरोबर छातीत दडपण, दरदरून घाम, धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा बाम शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. उपचार करणाऱ्यानं फिजिओथेरपीची पदवी घेतली आहे ना, हे विचारायला लाजू नका. चार वर्षांहून जास्त शिकावं लागतं त्यासाठी. आणि नुसता मशीनचा शेक देऊन कुणी घरी पाठवत असेल तर म्हणा, “मला व्यायाम शिकवा.”

केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. पण तालुक्याच्या आजीनं खांदा धरून एसटीत चढायचं कसं, दांडी कुठल्या हातानं धरायची? आठवड्यातून एक दिवस ही सेवा ग्रामीण रुग्णालयात मिळावी, असा अर्ज आम्ही बायकांनी सह्या करून दिलाय. उत्तर अजून नाही. मी दर पंधरवड्याला विचारायला जाते. आता तिथला शिपाई मला बघून आधीच मान हलवतो.

सासूबाईंचा हात गेल्या आठवड्यात मानेच्या मागे पोचला. अंबाडा झाला, पण डावीकडे कललेला. मी नीट करायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे तसाच.”

उत्तर येईपर्यंत आम्ही मंगळवारी दुपारी मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात जमायचं ठरवलंय. जिल्ह्याची ती मुलगी महिन्यातून एकदा येऊन प्रत्येकीला तपासून व्यायाम सांगणार आहे. येताना काठी आणायची. काठी नसेल तर लांब दांड्याची छत्रीही चालेल.