अठराव्या वर्षानंतर काय?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्या वर्षी जन्मलेली मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. त्यांतील एखादा मुलगा चारचौघांत मिसळत नसे, नजरेला नजर देत नसे, रोजचा क्रम जरा बदलला की बिथरत असे. घरच्यांनी त्याला हट्टी म्हटले, शाळेने मंद ठरवले, गावाने विक्षिप्त. तो स्वमग्न असू शकेल, ही शंका कोणाच्याच मनाला शिवली नाही. आज तो राईस मिलमध्ये कामाला लागतो आणि महिन्याभरात काम सोडून घरी बसतो. आपले नेमके काय चुकते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

स्वमग्नता हा केवळ बालपणीचा विकार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ही भिन्नता आयुष्यभर सोबत राहते. शासनाला हे ठाऊक नाही, असे मुळीच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे, त्यातही स्वमग्न व्यक्ती येतात. या व्याख्येला वयाची मर्यादा नाही. मग अडते कोठे?

अडते ते निदानापाशी. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच सोबत करतो. ‘इन्क्लेन’ची भारतीय निदानपद्धती दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रमाणपत्रासाठी स्वीकारलेल्या ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीत चाळीस मुद्दे आहेत. परंतु बोलण्या-वागण्याची रीत कष्टाने आत्मसात केलेला प्रौढ त्यांतून सहज निसटू शकतो. प्रौढाचे निदान करायचे तर अनुभवी चिकित्सक हवा, दीर्घ संवाद हवा आणि बालपणाचा तपशील हवा. तो तपशील कोणत्याही दप्तरात नसतो, आईच्या आठवणीत असतो. ती आई आज साठीकडे झुकली आहे. विलंबाचे खरे मोल हे आहे!

त्यात खर्चाची भर पडते. खासगी चिकित्सेसाठी नागपूर गाठायचे, तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर अंतर. एका फेरीत काम होत नाही. सोबत घरचे कोणीतरी लागते, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. धानाच्या हंगामात हे ओझे कोणते कुटुंब पेलणार?

उपाय दुर्लभ नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकट आहे. महिन्यातून एक दिवस प्रौढांच्या स्वमग्नता-तपासणीसाठी निश्चित करावा. मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीला प्रशिक्षित चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ द्यावा. झाडीबोली, पोवारी आणि गोंडी जाणणारा सहायक असावा. ज्याची पारख संवादावरूनच व्हायची, त्याला परक्या भाषेत प्रश्न विचारणे हा अन्याय ठरेल. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते, मात्र ते प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. आरक्षणासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. परंतु आपण आळशी नाही, वेडे नाही, आपली घडणच निराळी आहे, एवढे कळले तरी माणूस ताठ मानेने उभा राहतो.

समाजाचेही येथे दायित्व आहे. सालेकसा, देवरीसारख्या दुर्गम तालुक्यांत घरोघरी संपर्क असणाऱ्या कार्यकर्त्यांनी परस्पर कोणावर शिक्का मारू नये. कुटुंबाला विश्वासात घ्यावे, आईची आठवण वेळीच लिहून घ्यावी, त्या तरुणाची इच्छा असेल तर पहिल्या खेपेला सोबत जावे. ज्याला आयुष्यभर ‘तू असा का?’ एवढेच विचारले गेले, त्याला उत्तर मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. आणि ते गोंदियातच मिळाले पाहिजे.