स्टेटसवरचा जवान, गेटवरचा हवालदार

लष्कराबद्दलचा आदर आपल्याकडे ओसरत चाललाय असं म्हटलं, की लोक अंगावर येतात. ओसरलाय कुठे? २६ जानेवारीला फोन उघडा, जो तो बर्फातल्या जवानाचा फोटो लावून बसलेला. ‘उरी’ लागला तेव्हा थिएटरात शिट्ट्या थांबत नव्हत्या. सगळं खरं आहे. टाळ्यांना तोटा नाही. पण फोटोतला जवान आपल्याकडे काही मागत नाही. तो फोटोतून उतरून समोर उभा राहिला की आपण कसे वागतो, ते बघायला हवं.

आमच्या सोसायटीच्या गेटवर मागे एक निवृत्त हवालदार आले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, गाव कोरेगाव तालुक्यात. एजन्सीनं पैसे थोडे जास्त सांगितले होते, पण ‘माजी सैनिक’ म्हटल्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, ग्रुपवर तिरंगे फडकले. हवालदारांचे बूट रोज पॉलिश केलेले. रजिस्टरमधलं अक्षर छापल्यासारखं, आणि वेळ चोवीस तासांच्या हिशेबात : २२१५, ०५४०. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची, असा सोसायटीचाच ठराव होता. त्यांनी तो शब्दशः घेतला. कमिटीतल्या एकाच्या मेहुण्याला गाडीतून उतरून सही करायला लावली. एका सभासदाचं फर्निचर परवानगीच्या चिठ्ठीशिवाय आत सोडलं नाही. चेअरमननी ‘जाऊ दे हो’ म्हटलं, तर म्हणाले, “साहेब, तसं लिहून द्या.” पुढच्या मीटिंगला कुणीतरी बोललंच : “एवढं मिलिटरी नको हो इथं.” पावसाळा संपायच्या आत एजन्सीनं माणूस बदलून दिला. आताचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता सगळ्यांना हात करतो. त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही.

पलटणीत तीन गोष्टी शिकवतात : नाम, नमक, निशान. नाम पलटणीचं राखायचं, खाल्ल्या मिठाला जागायचं, निशान खाली पडू द्यायचं नाही. अधिकाऱ्यांना डेहराडूनच्या अकादमीत आणखी एक शिकवण मिळते. १९३२ साली सरसेनापती चेटवुड यांनी ती घालून दिली : आधी देश, मग तुझ्या हाताखालची माणसं, आणि तुझी स्वतःची सोय सगळ्यांत शेवटी. हा क्रम ज्याच्या हाडीमाशी खिळला तो माणूस एखाद्या गृहनिर्माण संस्थेत किती दिवस टिकणार? तिथं सगळे नियम शेजाऱ्यासाठी असतात.

पूर्वीचा आदर असा लांबून नव्हता, ओळखीतून आलेला होता. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावानं ४६ माणसं गमावली, आणि त्यांचं स्मारक गावात आहे. पिढ्यान् पिढ्या तिथल्या घराघरांतून पोरं पलटणीत जात आली. अशा गावांत सुट्टीवर आलेला फौजी एसटीतून उतरला, की त्याच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि नंबर पोरंटोरं मोठ्यानं वाचायची. तो नाईक असो की शिपाई, गावाच्या लेखी ‘मेजर’. भावकीचा तंटा असला की त्याला बोलवायचं. कागद वाचून घ्यायचा तर त्याच्याकडून. कँटीनच्या बाटलीवर डोळा ठेवून येणारेही असत, तेही या आदराचाच भाग. पण लोकांना त्याचा स्वभाव ठाऊक होता, कर्ज ठाऊक होतं, बायको एकटीनं शेत कसं ओढते हे दिसत होतं.

अर्थात त्या आदराचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. तोही जात बघूनच मिळे. इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. गाव ज्या माणसाला चावडीवर चढू देत नव्हतं, त्याला पलटणीत हुद्दा होता, आणि तो हुद्दा काढून घेतल्याची जखम किती खोल असेल याची आज कल्पनाही करवत नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. वर्दीचा मान म्हणजे काय, हे मला विचाराल तर वलंगकरांसारख्या पेन्शनरांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलं होतं.

आता अलीकडच्या काळात येऊ. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांची धामधूम. पंढरपूर तालुक्यात भोसे इथं विधान परिषदेच्या एका सदस्यानं प्रचाराच्या सभेत सैनिकांच्या बायकांच्या चारित्र्यावर शेरा मारला. काय बोलला ते इथं पुन्हा लिहीत नाही, वाचकांना आठवत असेल. त्याच पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी २९ नोव्हेंबर २०१६ रोजी नगरोट्याच्या हल्ल्यात धारातीर्थी पडले होते. म्हणजे पुरते तीन महिनेही झाले नव्हते. पुढे राज्यभर संताप झाला, माफी मागून झाली, दीड वर्षासाठी निलंबन झालं आणि मुदत संपायच्या आत ते मागेही घेतलं गेलं. या शेवटच्या गोष्टीचं मला फारसं नवल वाटलं नाही. राजकारणात असंच चालतं. मला अजून छळतो तो वेगळा विचार. प्रचारसभेतला वक्ता समोरच्यांना काय रुचेल याचा अंदाज बांधून बोलतो. या गृहस्थांच्या घरात राजकारण पिढीजात. असा माणूस हे वाक्य उच्चारतो, तेव्हा त्यावर हशा मिळेल असंच त्याला वाटलेलं असणार. हशा मिळेल असं त्याला का वाटलं?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक साताऱ्याचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. दोन मुलं पदरात, वयाची अट शिथिल करून घेतलेली, आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर ते प्रशिक्षण. भोशाच्या सभेची चर्चा महाराष्ट्रात जितकी झाली, तिच्या पाव हिश्श्यानंही ही बातमी चघळली गेली नसेल.

लष्कराच्या परंपरांपैकी मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गप्प राहण्याची. आपल्या शेजारच्या देशांत सेनापतींनी वेळोवेळी गादी बळकावली. आपल्याकडे १९७१ चं युद्ध जिंकणारे माणेकशा निवृत्त होऊन निलगिरीत घर करून राहिले. २००८ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा वेलिंग्टनच्या अंत्यसंस्काराला राष्ट्रपती नव्हते, पंतप्रधान नव्हते, संरक्षणमंत्रीही नव्हते. एक राज्यमंत्री पाठवून दिल्लीनं काम उरकलं. तेव्हा सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं, एवढं नोंदवून ठेवतो, म्हणजे हा लेख कुठल्या खात्यात टाकायचा याची काहींची पंचाईत होईल.

आता उलट टोक. जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगानं २०१३ मध्येच पक्षांना कळवलं होतं. मार्च २०१९ मध्ये ते पुन्हा कळवावं लागलं. एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना बालाकोटच्या वीरांची आणि पुलवामाच्या शहिदांची आठवण करून देत मत मागितलं. आयोगाला त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. मला मात्र त्यात निशान खाली आल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावानं राष्ट्रपतींना पत्र गेलं, की सैन्याला राजकारणात ओढू नका. मग त्यातल्या दोघा-तिघांनी आपली संमती नव्हतीच म्हणून सांगितलं आणि चर्चा पत्रातल्या मजकुरावरून सह्यांवर घसरली. आयुष्यभर गप्प राहिलेली माणसं म्हातारपणी बोलायला उठली, तर आपण त्यांनाही दोन गटांत वाटून टाकलं.

गेल्या काही वर्षांत या आदराला अटी लागल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला नौदलाच्या एका तरुण अधिकाऱ्याला दहशतवाद्यांनी मारलं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. पार्थिवाशेजारी सुन्न बसलेल्या त्याच्या बायकोचा फोटो देशानं छातीशी धरला. मग ती म्हणाली, की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका. त्याबरोबर तिला इतकं घाणेरडं बोललं गेलं, की महिला आयोगाला मध्ये पडावं लागलं. पुढच्याच महिन्यात कर्नल सोफिया कुरेशी लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या, आणि मध्य प्रदेशच्या एका मंत्र्यानं त्यांच्या धर्मावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिथल्या उच्च न्यायालयानं आपणहून गुन्हा नोंदवायला लावला. वर्दी आपल्या मनासारखं बोलेल तोवर सलाम, नाही तर शिवी. याला आदर म्हणायचं असेल तर म्हणा.

लष्करानं स्वतः काही घालवलं नाही, असंही नाही. कुलाब्याची ‘आदर्श’ इमारत मुंबईकर विसरलेले नाहीत. ३१ मजले, आणि नाव पुढे केलेलं कारगिलच्या वीरांचं. आत फ्लॅट निघाले नेत्यांच्या नातलगांचे, सनदी अधिकाऱ्यांचे आणि माजी सेनाप्रमुखांचेही. ती जागा कारगिलसाठी राखीव नव्हतीच, असं पुढे चौकशी आयोगानं सांगितलं. म्हणजे वीरांचं नाव निव्वळ पायऱ्या चढण्यापुरतं. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली, त्याचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. नेत्यांकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. पण चेटवुडची शिकवण पाठ केलेल्या माणसांची नावं त्या यादीत वाचताना अनेक पेन्शनर सुभेदारांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला असेल. साहेबाची कुत्री फिरवणाऱ्या सहायकांच्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्याच. पण त्या घरातल्या होत्या, बाहेर सांगायच्या नव्हत्या.

राहता राहिला मध्यमवर्ग, म्हणजे मी आणि या सदराचे बरेचसे वाचक. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. एनडीए तर १९५५ पासून पुण्याच्या दाराशी, खडकवासल्याला. आणि तरीही सैन्यदलांत मराठी अधिकारी वाढावेत म्हणून राज्य सरकारला १९७७ साली औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मुलांची तयारी करून घेणारी खास संस्था काढावी लागली. मराठी माणूस शिपाई म्हणून कधी कमी पडला नाही. अधिकारी व्हायची ज्यांची ऐपत होती, त्यांची मुलं पलीकडच्या रांगेत, अमेरिकेच्या व्हिसाच्या, उभी होती. त्यात गैर काही नाही. फक्त मग ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला छातीवर कागदी झेंडा टोचताना फार भरून येऊ देऊ नये. तसंही हल्ली तो निधी सरकारी खात्यांना उद्दिष्ट वाटून दिल्यावर गोळा होतो, आणि उद्दिष्ट गाठल्याबद्दल जिल्ह्यांचे सत्कार होतात.

रायगडातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि पडले. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिथल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. कोकणात जाताना माणगावच्या कोंडीत तासभर अडकलेल्या किती जणांना तो पुतळा कुणाचा हे ठाऊक आहे, एकदा विचारून बघा.

जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ आली. चार वर्षांची नोकरी, मग शंभरातले पंचवीस जास्तीत जास्त आत राहणार, बाकीचे घरी, पेन्शन नाही. तिचे लष्करी फायदे-तोटे जाणकारांनी सांगावेत. सैन्य तरुण ठेवायचा मुद्दा मला पटतोही. पण त्याच आठवड्यात सत्ताधारी पक्षाचे एक सरचिटणीस म्हणाले, की पक्षाच्या कार्यालयाला सुरक्षारक्षक नेमायचा झाला तर अग्निवीराला आधी संधी देईन. टीका झाल्यावर शब्द फिरवले, पण आपण फौजीकडे कसं बघतो ते बोलून झालं होतं. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याचा एक अग्निवीर सियाचीनवर मृत्युमुखी पडला, आणि देशभर वाद पेटला तो त्याच्या घरच्यांना नेमके किती लाख मिळणार यावर.

सातारा जिल्ह्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या रस्त्यारस्त्यावर आहेत. दिवाळीनंतर तिकडं गेलो होतो. पहाटे पोरं डांबरी रस्त्यावर पळत होती. एकाशी बोललो. बारावी झालेला, उंच, काटक. वडील बावीस वर्षं मराठा बटालियनमध्ये, आजोबाही फौजेत. आता तुझाच नंबर, असं मी म्हटलं, तर हसला. अग्निवीरचा फॉर्म भरलाय म्हणाला, पण खरी तयारी पोलीस भरतीची. घरच्यांना चालेल का, असं विचारलं.

“वडलांनीच सांगितलंय,” तो म्हणाला. त्यांच्या जमिनीची मोजणी अडली होती. शेजाऱ्यानं बांध कोरला, आणि हे निवृत्तीनंतर तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते, छातीला मेडल लावूनसुद्धा एकदा गेले. शेवटी चुलत्याच्या ओळखीतल्या एका पोलिसानं फोन केला. “पुढच्या मंगळवारी मोजणीवाले मशीन घेऊन रानात.”