मुळांचा श्वास

पूर ओसरला की वर्तमानपत्रांत पडलेल्या घरांची, वाहून गेलेल्या पुलांची छायाचित्रे येतात. शेतात उभ्याउभ्या गुदमरलेल्या तुरीचे छायाचित्र कोणी काढत नाही. काढले तरी त्यात दिसणार काय? मरण जमिनीखाली झालेले असते.

झाडाला पाणी लागते, हे आपल्याला ठाऊक असते. मुळांना हवा लागते, हे मात्र आपण विसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळत असते. तिथे पाणी साचले की प्राणवायूची वाट अडते, कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग मूळ प्राणवायूवाचून संसार रेटू पाहते. पण त्यात तेवढ्याच साखरेतून मिळणारी शक्ती एरवीच्या जेमतेम पंधराव्या हिश्श्याइतकी. थकलेले मूळ पाणीही नीट ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले पीक माना टाकते, तेही तहानेने! केवढा हा विरोधाभास!

भाताने मात्र यावर तोड काढली आहे. मुळात तयार होणारा इथिलीन वायू साचलेल्या पाण्यामुळे बाहेर पडू शकत नाही. तो आत कोंडला की धोक्याची सूचना मिळते. मुळातल्या काही पेशी स्वतःहून मरतात आणि त्यांच्या जागी लांब पोकळ्या तयार होतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून थेट टोकापर्यंत पोचते. ती वाटेत गळू नये म्हणून मुळाच्या बाहेरच्या थरांना अस्तरही लागते. आपल्या खाडीकाठचे तिवर तर श्वास घ्यायला चिखलातून मुळेच वर काढते.

पण भातही पुरता बुडाला तर? ओडिशातल्या एका जुन्या वाणात, ‘एफआर १३ ए’मध्ये, बुडीत काळात वाढ आवरून शक्ती राखण्याचा गुण होता. त्यामागचे जनुक २००६ मध्ये उलगडले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतीय शेतकऱ्याच्या हाती आले. सुमारे दोन आठवडे बुडूनही ते पुन्हा उभे राहू शकते. जुने बियाणे कोणी जपले नसते, तर हे कुठून आले असते?

तुरीला ही युक्ती साधत नाही. तिच्यासाठी वाट आपणच काढायला हवी. काळ्या जमिनीसाठी ‘इक्रिसॅट’ने रुंद वरंबा-सरीची पद्धत फार पूर्वीच दाखवून दिली आहे. पण सरीतले पाणी पुढे जाणार कुठे? एकाने चर खणला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात, आणि शेजाऱ्याच्या पलीकडचा ओढा रस्त्यासाठी नाहीतर प्लॉटसाठी बुजवलेला! मग बांधावर भांडण जुंपते आणि पाणी मात्र जिथल्या तिथे.

मला वाटते, पाण्याची वाट ही कुणा एकाची खासगी बाब मानता कामा नये. गावाच्या नकाशावरचे ओढे-ओहोळ पावसाळ्याआधी मोकळे करणे हे ग्रामपंचायतीचे पहिले काम असावे. नुकसानभरपाई हवीच, पण पंचनामा पीक मेल्यावर होतो. चर त्याआधी खणता येतो. हवेवाचून तळमळणाऱ्या मुळाला भरपाईचा धनादेश काय कामाचा?