मागे बसणारीचं काय?

रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पामबीच रोडवर हमखास एखादी इंटरसेप्टर धडधडत जाते. दोन सिलिंडरची ही मोटारसायकल मूळची इंग्लंडची, रॉयल एनफिल्डने १९६० साली काढलेली. १९७०मध्ये ती बंद झाली. २०१८ साली चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने ६४८ सीसीचं नवं इंजिन घालून ती परत आणली, रूप मात्र जुनंच ठेवलं. वजन दोनशे किलोंच्या वर! दिसते देखणी, ते कबूल.

पण मैत्रिणींनो, मागे बसणारीचं काय? आपल्या १९८९च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला मागच्या माणसासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी हवी. हेच आपलं साडी-गार्ड. इंग्लंडात साडी कुठली, तिथे ते लागलंच नसेल. इथे मात्र गाडी घरी आली की मुलं आधी तेच काढतात. का, तर 'लुक' बिघडतो! पदर नाहीतर ओढणी चाकात गेली म्हणजे? हेल्मेटही कायद्याने दोघांना लागतं. घरात असतं एकच, तेही चालवणाऱ्याचं.

हौस करावी, जरूर करावी. पण जाळी काढलेल्या गाडीवर बसणार नाही, असं नवऱ्याला, मुलाला तोंडावर सांगायला काय हरकत आहे? मी तर सरळ रिक्षा करते.