बारा व्होल्ट आणि चुकीची काटकसर

विद्युत् म्हणतांच घरांतील २३० व्होल्टांचें भय आपल्या मनांत उभें राहतें. मोटारीची बॅटरी मात्र अवघी १२ व्होल्टांची. तेव्हां तिच्या तारा कशाही जोडल्या तरी चालतें, असा समज आपल्याकडे दृढ झाला आहे. हा समज घातक आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

सुरगाण्याच्या डोंगराळ रस्त्यांवर पावसाळ्यांत धुकें उतरलें म्हणजे पुढचें वळण दिसेनासें होतें. म्हणून कित्येक जीपवाले ५५ वॅटचे दोन जादा हॅलोजन दिवे बसवितात. हेतु स्तुत्य आहे; पण गणित कोण करतो? ११० वॅटांस १२ व्होल्टांनीं भागिलें असतां प्रवाह सुमारें ९ अँपिअर येतो. तितक्याच वॅटांच्या दिव्यांस घरीं अर्धा अँपिअर पुरतो. दाब कमी म्हणूनच प्रवाह मोठा. आणि तार तापते ती प्रवाहानें.

बॅटरीपासून खटक्यापर्यंत व तेथून दिव्यांपर्यंत १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एकूण ६ मीटर नेली, तर वाटेंतच सुमारें १ व्होल्ट खर्ची पडतो आणि दिव्यांचा प्रकाश जवळजवळ चौथाईनें घटतो. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हाच तोटा सुमारें ०.४ व्होल्टावर येतो. तारेंत चार पैसे वाचवून धुक्यांत उजेड गमावणें म्हणजे दांत कोरून पोट भरणेंच होय.

खटक्याचीही तीच गोष्ट. नाजूक खटक्यावर हा भार लादला तर त्याचीं टोकें जळतात. येथें रिले बसवावा. त्याच्या वेटोळ्यास अँपिअरचा अल्पसा अंश पुरतो. वेटोळ्याचें चुंबकत्व आंतील मजबूत टोकें जुळवितें, आणि मोठा प्रवाह खटक्याकडे न जातां जवळच्या वाटेनें दिव्यांस पोहोंचतो.

फ्यूज हा दिव्याच्या नव्हे, तर तारेच्या रक्षणार्थ असतो. म्हणून २.५ चौरस मिलिमीटरच्या ह्या तारेस तो बॅटरीच्या निकट, १५ अँपिअरचा असावा. तो वितळला असतां त्या जागीं जाड तार गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास हांकलून देणें होय. पुढें तारेचें वेष्टण पेटतें. आणि आपल्या जीपांत माणसें किती दाटीनें बसतात, हें सर्वांस ठाऊक आहे.

विद्यार्थिमित्रहो, ओहमचा नियम तुम्ही परीक्षेपुरता पाठ करतां. ह्या सुटींत घरच्या वा शेजारच्या गाडीच्या तारांची जाडी व फ्यूजचा आंकडा वहींत टिपून घ्या, वरील भागाकार स्वतः करा, आणि मेळ बसला नाहीं तर वडीलधाऱ्यांस नम्रपणें परंतु निर्धारानें तें सांगा.