मोकळ्या जाळीचाही हिशोब हवा

आमच्याकडे येणाऱ्या जाळीदार शालींच्या नमुन्यांत अलीकडे एक बदल दिसतो. कुठे एखादी पाकळी मुद्दाम आखूड, कुठे ओळीच्या मध्येच जाळी मोठी, तर कुठे एका टोकाची झालर दुसऱ्या टोकापेक्षा लांब. या प्रयोगांचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. मात्र यातल्या बऱ्याच नमुन्यांत ऐन मोक्याच्या जागी लिहिलेले असते, ‘इथे मनाला येईल तसे विणा.’ एवढ्यावर दुसरीच्या हातून शाल उतरत नाही.

आयरिश क्रोशेचे काम जवळून पाहा. आयर्लंडमधल्या दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, क्लोन्स गावातल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी उपाशी घरांना रोजगार म्हणून हे काम तिथे सुरू करून दिले. गुलाब, पाने, त्रिदळे सुटी विणायची, जाड दोऱ्यावर भरून उठाव द्यायचा, मग कापडावर पालथी टाचून मधल्या जागा जाळीने भरायच्या. जागा वेड्यावाकड्या, म्हणून जाळीही तशीच: साखळ्या कुठे पाच, कुठे आठ, जिथे नीट बसेल तिथे अडकवलेल्या. पण हाताचा ताण सगळीकडे सारखा. त्यामुळे टाके कापून तुकडा सोडवला की ना कुठे झोळ पडतो, ना एखादे फूल ओढले जाते.

क्रोशेला ही मोकळीक परवडते, कारण सुईवर एका वेळी एकच टाका उघडा असतो (ट्युनिशियन क्रोशे सोडून). दोन सुयांवर टाका गळला की शिडी थेट खालपर्यंत उसवत जाते. क्रोशेत मुद्दाम सोडलेल्या खांबाने काही उसवत नाही. जपायचा असतो तो आकार.

त्रिकोणी शालीत तो जपायचा सोपा मार्ग म्हणजे साखळ्यांऐवजी कमानी मोजणे. एका ओळीत चार, सहा, पाच साखळ्यांच्या कमानी कशाही क्रमाने घ्या. पुढच्या ओळीचा मुका खांब कमानीतच घालायचा असल्याने कमानींची संख्या ढळत नाही आणि कडांची व मधल्या कण्याची वाढ ठरल्याप्रमाणे होत राहते. लांब कमानीवर लांब कमान मात्र सलग चार-पाच ओळी येऊ देऊ नका. तिथे वीण लोंबते आणि ब्लॉकिंगच्या वेळी कितीही टाचण्या लावल्या तरी लपत नाही. आखूड पाकळीचेही तसेच. अख्ख्या शालीत ती एकच असेल तर राहून गेल्यासारखी दिसते. तीन-चार ठिकाणी, कमीजास्त अंतरावर आली की डोळ्याला तिची संगती लागते.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक विनंती. दोन बाजू सारख्या दिसल्या नाहीत म्हणून लगेच गुण कापू नका. शाल उलटी करून पाहा: दोऱ्याची टोके नीट दडवली आहेत का, कडा ताणली गेली आहे का, ताण कुठे बदलला आहे का. गुण त्याचे द्या.

आणि नमुने पाठवणाऱ्या मैत्रिणींनो, आकृतीवर काय ठरलेले आणि काय मोकळे ते स्पष्ट दाखवा. मोकळ्या जागी कमीत कमी आणि जास्तीत जास्त साखळ्या लिहा. दोऱ्याची जाडी, सुईचा क्रमांक आणि ब्लॉकिंगनंतरचे माप द्या. असे नमुने आम्ही प्राधान्याने छापू.