व्यापार आणि व्यवहार : जाहिरातीखालचे नाव

निगडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात दुकान सांभाळून थेट विक्रीचा जोडधंदा करणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यास पहिली अडचण येते ती जाहिरातीची. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीच्या नियमांत, थोड्या भांडवलावर झटपट कमाईचे आमिष दाखविणाऱ्या बहुस्तरीय विक्रीच्या जाहिरातींना मनाई आहे.

ते दार बंद झाले की जाहिरात नात्यागोत्याच्या वाटेने येते. कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट, महिला मंडळाचा गट, स्थानकात होणारी ओळख. येथे जाहिरातीचे पैसे पडत नाहीत, खर्च होते ती पत. काकांनी संदेश पाठविला एवढ्यावर पुतण्या रक्कम भरतो. कंपनीची चौकशी करण्याची गरज त्याला वाटत नाही.

२०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपासास घेतलेले ‘स्पीक एशिया’ प्रकरण अनेकांना आठवत असेल. अकरा हजार रुपये भरून घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणे करावयाची व नवे सभासद आणून मिळकत वाढवावयाची, अशी ती योजना होती. सभासद जोडले गेले ते बहुधा ओळखीच्याच माणसांकडून.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी केली आहे. ओळखपत्र व पूर्वसंमतीशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही त्यांत सांगितले आहे. मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा तर अशा योजनेच्या प्रसारासाठी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतो. म्हणून ‘मी केवळ संदेश पुढे पाठविला’ हे उत्तर पुरेसे ठरेलच असे नाही.

प्रामाणिक विक्रेत्याने मग काय करावे? जाहिरातीत वस्तू दाखवावी. तिची किंमत, घटक व परत घेण्याची अट लिहावी. कमाईचे आकडे, परदेशवारी व मोटारीची छायाचित्रे टाळावीत. संदेश मिळणाऱ्यानेही एकच प्रश्न विचारावा : उद्यापासून एकही नवा सभासद आला नाही, तर केवळ माल विकून हा धंदा टिकेल काय?

न्यायाने मिळविलेले धन हा सद्गृहस्थाचा पहिला गुण मानला गेला आहे. पेढीचे नाव उभे राहण्यास दोन पिढ्या लागतात. गटावरील एका संदेशाखाली ते लिहिण्यापूर्वी घरात एकदा विचारविनिमय व्हावा.